सामाजिक शुभवर्तमान : अमेरिकेतील एका चळवळीचा उदय, कार्य आणि उणिवा

पाप या विषयावर आपल्या मंडळ्यांतून जी प्रवचने होतात, त्यांत बहुधा व्यक्तीचे पाप अभिप्रेत असते. असत्य, चोरी, व्यभिचार, मद्यपान, द्वेष ही पापे माणूस करतो, त्यांबद्दल पश्चात्ताप करतो आणि प्रभू त्याला क्षमा करतो. हे शिक्षण सत्य आहे व ते सोडून देण्यास कोणतेही कारण नाही. परंतु दहा वर्षांचे एखादे मूल रात्रभर सूतगिरणीत उभे राहून काम करते, तेव्हा ते पाप नेमके कोणाचे? त्याला कामावर धाडणाऱ्या बापाचे, त्याला उभे करणाऱ्या मुकादमाचे, गिरणीच्या मालकाचे, दूरच्या शहरी बसून नफा घेणाऱ्या भागधारकाचे, स्वस्त कापड हवे असणाऱ्या गिऱ्हाइकाचे, की कायदा न करणाऱ्या विधिमंडळाचे? यांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात काही तथ्यही असते. मूल मात्र गिरणीतच राहते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांपुढे हा प्रश्न टाळता न येण्याजोग्या रूपात उभा राहिला. त्याला उत्तर शोधताना जी विचारधारा निर्माण झाली, तिला 'सामाजिक शुभवर्तमान' असे नाव मिळाले. या विचारधारेचा उदय कोणत्या परिस्थितीत झाला, तिने काय साधले, कोठे ती चुकली आणि तिच्यापासून आपण काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. या चळवळीचा उल्लेख आपल्याकडे कधी अतिस्तुतीने, तर कधी केवळ 'उदारमतवादी पाखंड' म्हणून होतो. दोन्ही पक्षांना तिची प्रत्यक्ष हकीकत फारशी ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून प्रथम हकीकत सांगणे इष्ट होईल.

तत्कालीन परिस्थिती

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले व गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. आपल्या वाचकांना हे स्मरत असेल की, महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले 'गुलामगिरी' हे पुस्तक याच कार्याबद्दल अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. पंडिता रमाबाई १८८६ साली त्या देशी गेल्या आणि परत आल्यावर १८८९ साली त्यांनी तेथील लोकस्थितीविषयी मराठीत ग्रंथ लिहिला. याप्रमाणे अमेरिका हा सुधारणेचा व स्वातंत्र्याचा देश, असे एक चित्र मराठी मनात पूर्वीपासून आहे. ते खोटे नव्हते. पण ते पूर्णही नव्हते.

यादवी युद्धानंतरच्या चाळीस वर्षांत त्या देशाचे रूप पालटले. लोहमार्ग, पोलाद, खनिज तेल, कोळसा व कापड या धंद्यांची प्रचंड वाढ झाली. १९०० साली न्यूयॉर्क शहराची लोकसंख्या ३४ लाखांवर गेली होती. १९०० ते १९१५ या काळात सुमारे दीड कोटी परदेशी लोक त्या देशात उतरले. इटली, पोलंड, रशिया, हंगेरी येथून आलेली ही गरीब कुटुंबे न्यूयॉर्कमध्ये पाच-सहा मजली चाळींत दाटीने राहत. या चाळींतील आतल्या खोल्यांना खिडकी नसे. शौचकूप अनेक बिऱ्हाडांत मिळून एक असे. क्षयरोगाचे तेथे ठाणेच होते. जेकब रीस या पत्रकाराने १८९० साली छायाचित्रांसह या वस्त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच शहरात राहणाऱ्या सुखवस्तू लोकांना ते प्रथम कळले. १९०१ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा करून नव्या चाळींत प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक बिऱ्हाडाला शौचकूप असलेच पाहिजे, असा दंडक घातला.

१९०० सालच्या जनगणनेत १० ते १५ वर्षे वयाची साडेसतरा लाख मुले मजुरीवर असल्याची नोंद आहे. म्हणजे त्या वयाच्या दर सहा मुलांमागे जवळजवळ एक. कोळशाच्या खाणींवर दगड वेचणारी मुले, काचकारखान्यांत रात्रपाळी करणारी मुले, दक्षिणेकडील सूतगिरण्यांत चात्या सांभाळणाऱ्या लहान मुली, अशी ही सेना होती. पोलादाच्या कारखान्यांत मोठ्या माणसांना बारा तासांची पाळी असे, आणि पुष्कळांना आठवड्यातून एकही सुट्टी नसे. अशा मजुराला रविवारी उपासनेस का येत नाहीस, असे विचारणारा पाळक त्याला परक्या जगातील माणूस वाटत असल्यास नवल नाही.

एक पाळक आणि त्याची मंडळी

वॉल्टर राउशेनबुश हे १८६१ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या गावी जन्मले. त्यांच्या घराण्यात कित्येक पिढ्या पाळकी चालत आली होती. १८८६ साली ते न्यूयॉर्क शहरातील एका जर्मन बाप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. ही मंडळी 'हेल्स किचन', म्हणजे 'नरकाचे स्वयंपाकघर', असे लोकांनी नाव ठेवलेल्या मोहल्ल्याच्या सीमेवर होती. राउशेनबुश तेथे आले ते आत्मे वाचवण्यासाठी, आणि याविषयी त्यांच्या मनात काही संदेह नव्हता. परंतु तेथील अकरा वर्षांत त्यांना पुन्हा पुन्हा जे करावे लागले, ते म्हणजे लहान मुलांची प्रेतक्रिया. दूषित दूध, कोंदट खोल्या, बापाची गेलेली नोकरी, आईचे चौदा तासांचे शिवणकाम, यांमुळे ही मुले मरत. त्या लहान शवपेट्यांनी आपले काळीज पिळवटले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

येथे थांबून विचार केला पाहिजे. अशा प्रसंगी पाळकाने काय सांगावे? देवाने दिले, देवाने नेले, हे शब्द शोकाकुल मातेला सांत्वन देतात, आणि ते द्यावेच लागते. परंतु ते मूल नेले कोणी? देवाने, की त्या खोलीला खिडकी न ठेवणाऱ्या घरमालकाने? माणसांच्या लोभाने घडलेला मृत्यू आपण देवाच्या इच्छेच्या नावावर मांडतो, तेव्हा देवाविषयी आपण खोटी साक्ष देत असतो. राउशेनबुश यांच्या सर्व ईश्वरविज्ञानाचे मूळ या अनुभवात आहे, ग्रंथालयात नव्हे.

याच काळात एका आजारानंतर त्यांची श्रवणशक्ती क्षीण झाली व पुढे ते जवळजवळ बहिरे झाले. १८९७ साली ते रॉचेस्टर येथील ईश्वरविज्ञान विद्यालयात अध्यापक म्हणून गेले आणि १९१८ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. १९०७ साली त्यांचा 'ख्रिस्ती धर्म आणि सामाजिक संकट' या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ जहाल आहे म्हणून आपली नोकरी जाईल, अशी त्यांना भीती होती. उलट तो हजारो घरांत वाचला गेला आणि त्यांचे नाव देशभर झाले. १९१७ साली त्यांनी सामाजिक शुभवर्तमानाचे ईश्वरविज्ञान मांडणारा ग्रंथ लिहिला.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. प्रभू येशूच्या शिक्षणाचे केंद्र देवाचे राज्य हे आहे. पुढे मंडळीने त्या राज्याचा अर्थ कधी मरणोत्तर स्वर्ग असा केला, तर कधी मंडळी म्हणजेच ते राज्य असे मानले. दोन्ही रीतींनी पृथ्वीवरील न्याय हा विषय बाजूस पडला. आमोस, यशया, मीखा या संदेष्ट्यांनी बलिदानांपेक्षा न्यायाला अधिक मान दिला, आणि प्रभू येशू त्याच परंपरेत उभा आहे. प्रभूच्या प्रार्थनेत 'मी' व 'माझे' हे शब्द नाहीत; आपण पिता म्हणतो तोही 'आमचा', आणि भाकर मागतो तीही 'आमची'. जो शेजाऱ्याची भाकर काढून घेऊन ही प्रार्थना म्हणतो, त्याची प्रार्थना अर्ध्यावरच मोडते.

पापाविषयी त्यांनी जे म्हटले ते अधिक महत्त्वाचे आहे. पाप हे केवळ रक्ताने पिढ्यानुपिढ्या चालत येत नाही. ते रूढींतून, कायद्यांतून, संस्थांतून व धंद्याच्या रीतींतूनही चालत येते. मूल जन्मास येते ते आधीच बिघडलेल्या व्यवस्थेत. ती व्यवस्था त्याला अन्याय सहन करण्यास अथवा अन्याय करण्यास शिकवते, आणि तो अन्याय स्वाभाविक आहे असे त्याला वाटू लागते. याला त्यांनी देवाच्या राज्याच्या विरोधी असे दुष्टतेचे राज्य म्हटले. प्रभू येशूच्या वधाकडेही त्यांनी या दृष्टीने पाहिले. धार्मिक दुराग्रह, लाचलुचपतीशी हातमिळवणी केलेली सत्ता, न्यायदानातील भ्रष्टता, जमावाची उन्मत्तता, लष्करी बळ आणि वर्गाची तुच्छता या सहा सार्वजनिक पापांनी मिळून त्याला क्रूसावर चढवले, असे ते म्हणतात. ही पापे यहूद्यांची अथवा रोमनांचीच नव्हेत. ती प्रत्येक समाजात आहेत. म्हणून ख्रिस्ताने आमची पापे वाहिली या वाक्याचा एक अर्थ असा की, आम्ही ज्या व्यवस्थेचे भागीदार आहोत, तिचा घाव त्याच्या शरीरावर बसला.

एक लाख डॉलरांची देणगी

या तत्त्वाची कसोटी पाहणारा एक प्रसंग १९०५ साली घडला. तो आपल्या मंडळ्यांच्या इतिहासाशी जवळून निगडित असल्यामुळे येथे विस्ताराने सांगण्यासारखा आहे. 'अमेरिकन बोर्ड' या नावाने आपण ओळखतो त्या परदेशी मिशन संस्थेस स्टँडर्ड ऑइल कंपनीचे संस्थापक जॉन डी. रॉकफेलर यांजकडून १ लाख डॉलरांची देणगी मिळाली. याच बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, १८३१ पासून त्यांनी अहमदनगर येथे कार्य चालवले, आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. रॉकफेलर स्वतः नियमाने उपासनेस जाणारे बाप्टिस्ट होते. परंतु त्यांच्या कंपनीने रेल्वे कंपन्यांकडून गुप्त सवलती मिळवून प्रतिस्पर्ध्यांचा नाश कसा केला, याचा सविस्तर इतिहास आयडा टारबेल यांनी त्याच सुमारास, १९०४ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला होता.

कोलंबस शहरातील पाळक वॉशिंग्टन ग्लॅडन हे त्या वेळी काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते. त्यांनी व इतर अनेक पाळकांनी ही देणगी परत करावी अशी मागणी केली. त्यांचे म्हणणे असे होते की, मंडळी अशी देणगी स्वीकारते तेव्हा ती देणाऱ्याला प्रतिष्ठाही देते; आणि ज्याचे अन्न तिने खाल्ले त्याच्याविरुद्ध तिला पुढे बोलता येत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, पैशाला स्वतःची नीती नसते. दाता कोण हे पाहण्याचा अधिकार मंडळीला नाही. आणि पैसा देवाच्या कार्यास लागला की तो शुद्ध होतो. वाद चालू असताना एक गोष्ट उघड झाली. देणगी रॉकफेलर यांनी आपण होऊन दिली नव्हती. बोर्डाच्याच अधिकाऱ्यांनी ती मागितली होती. अर्थात ती परत करणे अवघड झाले, आणि बोर्डाने ती ठेवून घेतली. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइल कंपनी बेकायदा मक्तेदारी ठरवून तिचे विभाजन केले.

यहूदाने परत टाकलेली चांदीची नाणी मंदिराच्या भांडारात घालण्यास मुख्य याजकांना संकोच वाटला. परंतु तीच नाणी विश्वासघाताचे मोल म्हणून देताना त्यांना तो वाटला नव्हता, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. पैशाची शुद्धाशुद्धता पाहणारी मंडळी तो पैसा कसा जमतो याविषयी मौन राखते, तेव्हा ती त्या याजकांच्याच पंक्तीस बसते. ग्लॅडन यांचा आग्रह व्यवहारात पूर्णपणे पाळणे कठीण आहे, हे आम्ही मान्य करतो, कारण अगदी निष्कलंक असा पैसा कोठून आणावा? परंतु त्यांचा प्रश्न, म्हणजे देणगी घेतल्यावर आपण काय बोलावयाचे बंद करतो हा प्रश्न, प्रत्येक मंडळीने आणि प्रत्येक विद्यालयाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. आमच्याही.

उपदेशाकडून कायद्याकडे

१९०८ साली मेथडिस्ट मंडळीने एक सामाजिक मतांगीकार स्वीकारला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात फिलाडेल्फिया येथे स्थापन झालेल्या मंडळ्यांच्या संघीय परिषदेने त्याचाच विस्तार करून तो आपला म्हणून जाहीर केला. तेहतीस पंथ या परिषदेत होते. त्यातील मागण्या अशा होत्या : बालमजुरी बंद करणे, धोक्याच्या यंत्रांपासून व धंद्यातील रोगांपासून मजुरांचे रक्षण, स्त्रियांच्या कामाचे नियमन, कामाचे तास क्रमाने कमी करणे, सात दिवसांत एक दिवस विश्रांती, कुटुंबाचे पोषण होईल एवढे वेतन, वृद्ध मजुरांची तरतूद, मालक-मजूर तंट्यांत लवाद. आज या गोष्टी सामान्य वाटतात. त्या काळी त्यांना समाजसत्तावाद म्हणून नावे ठेवली गेली.

मागण्या केल्याने कायदा होत नाही, हे बालमजुरीच्या बाबतीत दिसून आले. १९०४ साली राष्ट्रीय बालमजूर समिती स्थापन झाली. १९०८ पासून लुइस हाइन हे तिच्यासाठी गिरण्यांत व खाणींत जाऊन मुलांची छायाचित्रे घेत. पुष्कळदा दरवाजावर खोटी सबब सांगून त्यांना आत शिरावे लागे. मुलांची उंची ते आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मापून ठेवीत. १९१६ साली काँग्रेसने बालमजुरीविरुद्ध कायदा केला. १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द ठरवला, आणि तोही एका गिरणीमजूर बापाच्या नावे केलेल्या अर्जावरून. आपल्या मुलांना मजुरी करू द्यावी असे त्याचे मागणे होते. १९१९ साली करआकारणीच्या मार्गाने दुसरा कायदा झाला. तो १९२२ साली रद्द झाला. १९२४ साली काँग्रेसने घटनादुरुस्ती मंजूर केली. तिला पुरेशा राज्यांची संमती मिळाली नाही. अखेर १९३८ सालचा कायदा टिकला. न्यायालयाने १९४१ साली तो मान्य केला व आपला १९१८ सालचा निर्णय फिरवला. म्हणजे समितीच्या स्थापनेपासून कायदा टिकेपर्यंत सदतीस वर्षे लागली. १९०४ साली गिरणीत उभे असलेले दहा वर्षांचे मूल तोवर सत्तेचाळीस वर्षांचे झाले होते.

काही वेळा मोठ्या दुर्घटनेशिवाय समाजाचे डोळे उघडत नाहीत. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रायँगल या पोलक्यांच्या कारखान्यास आग लागली. कारखाना इमारतीच्या आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर होता. मुली माल चोरून नेतील या संशयाने एक दरवाजा कुलूपबंद ठेवलेला होता. १४६ जण मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य यहुदी व इटालियन तरुण मुली होत्या. अनेकींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. १९०९ साली अशाच कारखान्यांतील सुमारे वीस हजार कामकऱ्यांनी संप केला होता, पण या कारखान्याच्या मालकांनी कामकऱ्यांच्या संघटनेस मान्यता दिली नव्हती. मालकांवर खटला झाला व ते निर्दोष सुटले. न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि पुढील काही वर्षांत कारखान्यांविषयी अनेक कायदे झाले. ही आग प्रत्यक्ष पाहणाऱ्यांत फ्रान्सेस पर्किन्स नावाची एक तरुण स्त्री होती. ती भक्तिमान एपिस्कोपेलियन होती. १९३३ साली ती अमेरिकेची मजूरमंत्री झाली, आणि वर सांगितलेला १९३८ सालचा कायदा तिच्याच कारकिर्दीत झाला.

शिकागो येथे जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ साली स्थापन केलेल्या 'हल हाउस' या संस्थेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गरिबांकडे जाऊन परत येण्याऐवजी त्यांच्या शेजारी घर करून राहावयाचे, हे तिचे तत्त्व होते. तेथे बालवाडी, रात्रशाळा व वाचनालय होते. परंतु तेथील स्त्रिया एवढ्यावर थांबल्या नाहीत. वस्तीतील कचरा, मजुरी व रोग यांची मोजदाद करून त्यांनी ती कायदेमंडळापुढे ठेवली. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे या संस्थेच्या विश्वस्तांपैकी होते. पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे १९१३ ते १९१६ या काळात, बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर आलेले भीमराव आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. समाज हा सर्वांच्या सहभागाने चालणारे जीवन आहे, हा ड्यूई यांचा विचार डॉ. आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात स्वतंत्रपणे विकसित केला, हे सुप्रसिद्धच आहे.

रोमन कॅथलिक मंडळीतही हेच प्रश्न विचारले जात होते. पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ सालच्या परिपत्रकाने मजुराच्या न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला होता. त्या आधारावर फादर जॉन रायन यांनी १९०६ साली कुटुंबपोषक वेतनाविषयी ग्रंथ लिहिला. वेतन हा मालकाचा दानधर्म नसून मजुराचा हक्क आहे, असे त्यांनी नीतिशास्त्राच्या आधारे सिद्ध केले. १९१९ साली अमेरिकन बिशपांच्या नावे निघालेल्या पुनर्रचनेच्या कार्यक्रमाचा मसुदा त्यांचाच होता. तथापि १९२४ सालच्या बालमजूर घटनादुरुस्तीस रायन यांनी पाठिंबा दिला असता बॉस्टनच्या कार्डिनलांनी तिला विरोध केला, हेही नमूद केले पाहिजे. मंडळी एका स्वराने बोलली असे चित्र रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही.

चळवळीच्या उणिवा

आता या चळवळीच्या उणिवांकडे वळू. त्या सांगितल्याशिवाय तिचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिली व सर्वांत गंभीर उणीव वंशभेदाविषयीची आहे. ज्या काळात हे पाळक न्यायाविषयी लिहीत होते, त्याच काळात दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला जात होता. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद वैध ठरवला होता, आणि जमावाने कृष्णवर्णीयांना फासावर लटकवण्याचे प्रकार वर्षानुवर्षे चालू होते. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने या हत्यांची नावानिशी नोंद करून त्या जगापुढे मांडल्या. असे असता १९०८ सालच्या सामाजिक मतांगीकारात वंशद्वेषाचा नामोल्लेखही नाही. जोसाया स्ट्राँग यांच्यासारखा या चळवळीचा अग्रणी अँग्लो-सॅक्सन वंशाच्या श्रेष्ठत्वाचा प्रचार करीत होता. जमावाच्या उन्मत्ततेला ख्रिस्ताच्या मारेकऱ्यांत गणणाऱ्या राउशेनबुश यांनी १९१४ साली कबूल केले की, दक्षिणेतील दोन वंशांचा प्रश्न आपल्याला इतका दुःखद व न सुटणारा वाटला की आपण त्यावर जाहीरपणे बोलण्याचे धाडसच केले नाही.

या कबुलीत प्रामाणिकपणा आहे. परंतु तीत त्या चळवळीचा न्यायनिवाडाही आहे. जे पाप आपल्या स्वतःच्या बाकावर बसलेले असते ते न सुटणारे वाटते, आणि जे गिरणीमालकाच्या बंगल्यात असते ते सुटण्याजोगे वाटते. कृष्णवर्णीय मंडळ्या मात्र गप्प नव्हत्या. रेव्हरडी रॅन्सम या पाळकाने १९०० साली शिकागोत उपासना व समाजसेवा एकत्र चालवणारी मंडळी स्थापन केली. १९०८ सालच्या स्प्रिंगफील्ड येथील दंगलीनंतर १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. जमावहत्येविरुद्धचे विधेयक १९२२ साली प्रतिनिधिगृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडले. तशा स्वरूपाचा केंद्रीय कायदा होण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

दुसरी उणीव दारूबंदीच्या प्रकरणात दिसते. दारूने मजुरांच्या संसारांची धूळधाण होत होती, हे सत्य होते. परंतु घटनेत दुरुस्ती करून १९२० पासून जी देशव्यापी बंदी आली, तिच्यामुळे चोरटा धंदा व गुन्हेगारी वाढली, आणि १९३३ साली ती रद्द करावी लागली. कायदा दुष्टाचा हात धरू शकतो. मन पालटणे हे त्याचे कार्य नव्हे. शिवाय या मोहिमेत परदेशातून आलेल्या गरिबांविषयीचा तिटकाराही मिसळला होता. गरिबाला सुधारण्याची इच्छा आणि गरिबाविषयी आदर या दोन गोष्टी एक नव्हेत.

तिसरी उणीव अति आशावादाची. सुशिक्षण व सदिच्छा यांनी देवाचे राज्य लवकरच येईल, असे या पिढीतील पुष्कळांना वाटे. पहिल्या महायुद्धाने तो भ्रम मोडला. १९१५ ते १९२८ पर्यंत डेट्रॉइट येथे पाळक असलेल्या राइनहोल्ड नीबूर यांनी मोटारींच्या कारखान्यांतील मजुरांचे जीवन जवळून पाहिले. १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, व्यक्ती प्रेमाने वागू शकली तरी समूह स्वार्थ सहजी सोडत नाही. सत्तेला सत्तेनेच तोंड द्यावे लागते. ही टीका योग्य आहे. तरीपण राउशेनबुश यांचे दुष्टतेच्या राज्याविषयीचे विवेचन ज्यांनी वाचले आहे, त्यांना ते स्वतः इतके भाबडे होते असे वाटणार नाही.

आपण काय घ्यावे

सामाजिक शुभवर्तमान म्हणजे दुसरे शुभवर्तमान आहे काय, असा प्रश्न आमचे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. आमचे उत्तर असे की, शुभवर्तमान एकच आहे. परंतु पापाचे क्षेत्र जितके मोठे, तितकेच तारणाचे क्षेत्रही मोठे असले पाहिजे. पाप जर अंतःकरणात असेल आणि मजुरीच्या दरातही असेल, तर ख्रिस्त केवळ अंतःकरणाचाच प्रभू आहे असे म्हणणे म्हणजे त्याच्या राज्याला कुंपण घालणे होय. उलटपक्षी, केवळ कायदा बदलल्याने तारण झाले असे मानणाऱ्याने दारूबंदीचा इतिहास पुन्हा वाचावा. पश्चात्ताप दोन्ही ठिकाणी लागतो.

पोलाद कारखान्यांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १९१९ सालचा मोठा संप मोडला गेला. त्यानंतर मेथडिस्ट बिशप फ्रान्सिस मॅकॉनेल यांच्या अध्यक्षतेखालील एका आंतरमंडळी आयोगाने चौकशी करून १९२० साली अहवाल प्रसिद्ध केला, आणि बारा तासांच्या पाळीचे सत्य देशापुढे मांडले. कंपनीने प्रथम अहवाल फेटाळला. परंतु लोकमत बदलले, राष्ट्राध्यक्षांनी दबाव आणला, आणि १९२३ साली बारा तासांची पाळी बंद होऊ लागली. या आयोगाने चमत्कार केला नाही. त्याने माणसे मोजली, तास मोजले, वेतन विचारले आणि जे आढळले ते लपवले नाही. खरे साक्षीदार होणे हे मंडळीचे मूळ कार्यच आहे.

१९५८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी लिहिले की, राउशेनबुश यांच्या ग्रंथाने आपल्या विचारांवर अमिट ठसा उमटवला. ज्या प्रश्नाविषयी राउशेनबुश यांची वाचा बंद झाली होती, त्याच प्रश्नासाठी किंग यांनी त्यांच्या शिक्षणाचा उपयोग केला. गुरूने जेथे मौन धरले तेथून शिष्याने बोलण्यास आरंभ केला. आपल्या पूर्वजांचा खरा मान राखण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून वाचक बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच आहे. या चळवळीच्या चुका मोजताना आपल्या मंडळीच्या मतांगीकारातून, प्रार्थनांतून व प्रवचनांतून कोणता प्रश्न गाळला गेला आहे, तेही प्रत्येकाने पाहावे. जो प्रश्न फार दुःखद व न सुटणारा वाटतो म्हणून आपण त्यावर बोलत नाही, बहुधा तेथेच प्रभू आपली वाट पाहत उभा असतो.